निवृत्त शिक्षक आणि शिक्षणाची लोकचर्चा

वयाची ५८ वर्षे पूर्ण झाली की त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी प्राथमिक शाळेतील शिक्षक सेवानिवृत्त होतो. शाळेच्या व्हरांड्यात छोटासा समारंभ होतो. शाल व श्रीफळ दिले जाते, केंद्रप्रमुख दोन शब्द बोलतात, वरच्या वर्गातील मुली डोळे पुसतात आणि संध्याकाळी गुरुजी हार हातात घेऊन घरी परततात. ज्या कामात त्यांनी तीस-पस्तीस वर्षे घालविली त्या कामासंबंधी दुसऱ्या दिवसापासून त्यांना कोणीही काहीही विचारीत नाही. निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांसाठी पंचायत समितीच्या पायऱ्या झिजविणे, पारायणाच्या मंडपात पुढच्या रांगेत बसणे आणि गावच्या लग्नपत्रिकांवर प्रेषक म्हणून नाव छापले जाणे, एवढेच सार्वजनिक जीवन त्यांच्या वाट्याला उरते. एका पिढीने कमावलेला अनुभव समाज इतक्या सहजपणे उकिरड्यावर टाकतो आणि त्याची खंतही बाळगत नाही.

मात्र सर्वच शिक्षक ही निवृत्ती मुकाट्याने स्वीकारीत नाहीत. शासकीय सेवेत शिक्षक घडविण्याचे काम केलेल्या लीलाताई पाटील यांनी निवृत्तीनंतर १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. शाळा लहान, माध्यम मराठी, शिक्षण प्राथमिक. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून जे आयुष्यभर सांगितले ते खऱ्या मुलांसमवेत टिकते का, हे तपासून पाहण्याची ती धडपड होती. पुढे त्यांनी या अनुभवांवर पुस्तके लिहिली आणि मूल कसे शिकते या प्रश्नाभोवती महाराष्ट्रातील अनेक शिक्षकांना व पालकांना बोलते केले. २०२० मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या शाळेचे महत्त्व आम्ही कमी मानीत नाही. परंतु एक शाळा कितीही चांगली असली तरी ती शेवटी एकच शाळा असते. त्यांनी चालविलेल्या संवादाचे तसे नाही. तो एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि त्याला इमारत, अनुदान वा मान्यता लागत नाही. आज गावोगावी एखाद्या निवृत्त बाईंच्या पडवीत किंवा ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत शिक्षणासंबंधी अशा बैठकी होऊ शकतात, आणि त्या व्हाव्यात यासाठी आमच्या कार्यकर्त्यांनी पुढाकार घ्यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

निवृत्त शिक्षकांची आठवण शासनालाही झाली होती, हे सांगितले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने जिल्हा परिषद शाळांतील रिक्त पदांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २० हजार रुपये मानधनावर तात्पुरते नेमण्याचा निर्णय घेतला. डी.एड., बी.एड. होऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणांनी त्याला विरोध केला, आणि तो रास्त होता. ज्या राज्यात नव्या शिक्षकाला ‘शिक्षणसेवक’ म्हणून तीन वर्षे मानधनावर राबविण्याची प्रथा २००० सालापासून रूढ झाली, त्या राज्याने आता म्हाताऱ्या शिक्षकाच्या हातीही कंत्राट ठेवले. दोहोंमागील हिशेब एकच आहे. शिक्षण हा खर्च समजावयाचा, आणि तो कमी करण्यासाठी एकदा तरुणांची गरज व एकदा वृद्धांचा फावला वेळ वापरावयाचा. निवृत्त शिक्षक हे स्वस्त मनुष्यबळ आहे असे शासनाला वाटते. तो आमच्या शिक्षणव्यवस्थेचा सर्वांत माहीतगार साक्षीदार आहे, असे आम्हांस वाटते. साक्षीदाराला मजुरीवर लावून त्याचे तोंड बंद करता येते, हे कोणत्याही सत्ताधाऱ्याला शिकवावे लागत नाही.

साक्षीदार कशाचा, हेही पाहावे. पटावर नाव आहे पण बाकावर मूल नाही, याची तारीखवार आठवण या माणसाजवळ असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराचे मूल जूनमध्ये शाळेत येते आणि दिवाळी झाली की आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर निघून जाते. ते परतते तेव्हा वर्ष संपत आलेले असते. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली. परंतु शाळेचे वर्ष श्रमिकाच्या वर्षाप्रमाणे का आखता येऊ नये, हा मूळ प्रश्न कोणत्याही परिपत्रकात आला नाही. वर्गातील एका बाईंना तो दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर पडतो. त्या नोकरीत असताना तो विचारावयाचा कोणाला? वरिष्ठांची नाराजी, बदलीची टांगती तलवार, माहिती ऑनलाइन भरण्याचा तगादा आणि निवडणुकीची कामे यांतून प्रश्न विचारण्यास अवसर मिळत नाही. निवृत्तीनंतर बदलीचे भय राहत नाही. ज्या क्षणी माणूस निर्भयपणे बोलू शकतो, नेमक्या त्याच क्षणी आपण त्याला शाल पांघरून गप्प बसवितो.

शिक्षणाविषयी सामान्य माणसाने बोलावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले ते अधिकारपदावरील तज्ज्ञाचे नव्हते. शेतकऱ्याच्या करातून जमा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो, हा त्यांचा प्रश्न होता. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, अभ्यासक्रमात शेतीचे ज्ञान असावे, असे त्यांनी मागितले. खेड्यातील शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये आणि मोठ्या गावी १५ ते २० रुपये पगार असावा, इथपर्यंत त्यांनी आकडा दिला होता. कोण शिकणार, काय शिकणार, कोण शिकविणार आणि पैसा कोणाचा, हे चार प्रश्न त्यांनी एकत्र विचारले. आज हेच प्रश्न चार वेगवेगळ्या खात्यांत वाटले गेले आहेत, आणि म्हणूनच कोणत्याही खात्याकडून उत्तर मिळत नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. स्वतंत्र भारतात त्याचा मूलभूत हक्क होण्यास २००२ ची घटनादुरुस्ती आणि तो अंमलात येण्यास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला.

दुसरे उदाहरण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलेले त्यांचे काम म्हणजे शाळा या कल्पनेचीच फेरमांडणी होती. आदिवासी मुले गुरे राखण्यास जात, म्हणून शाळेत येत नसत. मुले शिकू इच्छीत नाहीत, असा निष्कर्ष काढून त्यांना मोकळे होता आले असते. त्यांनी शाळाच कुरणात नेली. या ‘कुरणशाळे’त एक तत्त्व होते: मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर दोष मुलाचा नसून शाळेच्या जागेचा व वेळेचा आहे, आणि जागा व वेळ बदलता येते.

या तत्त्वाच्या नेमकी उलट वाट अलीकडे धरली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये, २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी ‘समूहशाळा’ उभारण्याचे प्रस्ताव राज्याच्या शिक्षण विभागाने मागविले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील शाळा नमुना म्हणून पुढे केल्या गेल्या. अशा लहान शाळांची संख्या त्या वेळी १४ हजारांच्या वर आणि त्यांतील मुलांची संख्या पावणेदोन लाखांच्या वर सांगितली जात होती. यांपैकी बहुतेक मुले वाडी-वस्तीवरची, पाड्यावरची, तांड्यावरची आहेत.

समूहशाळेच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद आम्ही उडवून लावू इच्छीत नाही. सहा मुले आणि एक शिक्षक अशा शाळेत मुलाला सवंगडी मिळत नाहीत, खेळ होत नाहीत, ग्रंथालय व प्रयोगसाहित्य नसते, शिक्षक आजारी पडला तर शाळा बंद राहते. हे खरे आहे. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष एकच नाही. शिक्षण हक्क कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी असे मानले आहे. सात वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून वाहनाने दूर पाठवावयाचे तर पावसाळ्यात वाहन आले नाही म्हणजे शाळा बुडणार, आणि चार वेळा बुडाली की पाचव्यांदा आई तिला धाकट्या भावंडाजवळ घरी ठेवणार. शाळा दूर गेली की सर्वांत आधी मुलगी घरी बसते, हे कोणत्याही निवृत्त बाई आपल्या अनुभवावरून सांगतील. दुसरीकडे, अनेक इयत्तांच्या मुलांना एकत्र शिकविणे ही नाइलाजाची गोष्ट न मानता तिचे शास्त्र बनविता येते, हे आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या परिसरातील खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांनी दाखवून दिले आहे. लहान शाळा टिकवून तिला चांगली करावयाची, की ती मिटवून मुलांना गाडीत बसवावयाचे, याचा निर्णय त्या वस्तीला न विचारता मंत्रालयात कसा होऊ शकतो? आमचा आक्षेप येथे आहे.

न विचारता निर्णय घेण्याचे फळ काय असते, हे २०२५ साली आपण पाहिले. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकविण्याचा शासननिर्णय १६ एप्रिलला निघाला, जूनमध्ये तो शब्द बदलून पुन्हा काढला गेला, आणि लोकमत प्रक्षुब्ध झाल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन समिती नेमण्यात आली. हिंदीशी समाजवाद्यांचे वैर नाही; लोकभाषांसाठी डॉ. लोहियांनी दिलेला लढा आमचाच वारसा आहे. परंतु सहा वर्षांच्या मुलाला, ज्याची घरची बोली भिल्ली, गोंडी वा अहिराणी असेल आणि ज्याला प्रमाण मराठीही शाळेत येऊनच शिकावयाची असेल, त्याला एकाच वेळी तीन भाषांच्या कचाट्यात पकडणे शहाणपणाचे आहे काय, हे पहिलीला शिकविलेल्या कोणत्याही शिक्षकाने सांगितले असते. आधी चर्चा आणि मग निर्णय, हा क्रम उलटा झाला. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलैला मंजूर केले तेव्हा देशातील शाळांना महासाथीमुळे कुलूप होते. आधीच्या मसुद्यावर सूचना मागविल्या गेल्या होत्या, हे मान्य. पण सूचना पेटीत टाकणे आणि समोरासमोर बसून प्रश्न सोडविणे यांत अंतर आहे. पेटीला उलट प्रश्न विचारता येत नाही.

येथवर शासनाची झडती घेतली. आता स्वतःची घेणे प्राप्त आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली सर्वांसाठी समान सार्वजनिक शिक्षणपद्धती व परिसरशाळा यांचा आग्रह धरला, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावा असे सांगितले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले होते. अधिकाऱ्याचे मूल आणि शिपायाचे मूल एका बाकावर बसावे, ही घोषणा समाजवादी चळवळीने गावोगावी नेली. ६ टक्क्यांचे उद्दिष्ट २०२० च्या धोरणातही पुन्हा लिहावे लागले, इतके ते दूरच राहिले. मध्यंतरी १९८३ पासून विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे पेव फुटले आणि २०१२ च्या स्वयंअर्थसाहाय्यित शाळांच्या कायद्याने शालेय शिक्षणाचाही बाजार अधिकृत झाला. या काळात आपण काय करीत होतो? वेतन, सेवाशर्ती, निवृत्तिवेतन यांसाठी शिक्षक लढले, आणि त्या लढ्यांत आपण त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलो, याचा आम्हांस अभिमान आहे. उपाशी शिक्षकाकडून कोणी शिक्षणक्रांतीची अपेक्षा करू नये. पण वर्गात काय शिकविले जाते, कोणते मूल मागे राहते आणि का, हे प्रश्न आपल्या व्यासपीठांवर क्वचितच आले. शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली म्हणजे शिक्षकांची आठवण होणे, या सवयीपासून आपणही मुक्त राहिलो नाही. आणि आपल्यापैकी किती जणांची मुले-नातवंडे आज जिल्हा परिषदेच्या वा महापालिकेच्या शाळेत जातात? या प्रश्नाचे उत्तर छापण्याची आवश्यकता नाही. ते ज्याचे त्याला ठाऊक आहे. ज्या शाळेत आपले मूल नाही त्या शाळेच्या छपराची चिंता मनापासून वाटत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. परिसरशाळेच्या कल्पनेमागे तोच स्वभाव ओळखण्याचे शहाणपण होते.

म्हणून आम्ही सुचवितो की प्रत्येक तालुक्यात निदान एका ठिकाणी, एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या वा शिक्षिकेच्या पुढाकाराने, महिन्यातून एकदा शिक्षणाविषयी बैठक व्हावी. तिची काही पथ्ये असावीत. व्याख्यान नसावे. आयुष्यभर बोलण्याची सवय झालेल्या माणसाला येथे ऐकण्याची सवय लावून घ्यावी लागेल, आणि ती सोपी नाही. सतरंजीवर सर्वांनी गोल बसावे. खुर्ची, हार आणि प्रास्ताविक यांना फाटा द्यावा. अंगणवाडी सेविका, शाळेत पोषण आहार शिजविणारी बाई, अर्ध्यावर शाळा सोडलेला ट्रॅक्टरचालक आणि नोकरीच्या प्रतीक्षेतील डी.एड. झालेली मुलगी यांच्यावाचून बैठक पूर्ण मानू नये. दर वेळी एकच प्रश्न घ्यावा. गृहपाठ कोणासाठी असतो? नापास होणे म्हणजे काय? हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान पुस्तकात का येत नाही? मुलीने दहावीनंतर थांबावे हे घरात कोण ठरविते? प्रश्न साधे असले तरी त्यांच्या मुळाशी गेले की जात, जमीन, स्त्रीचे स्थान आणि पैसा यांच्याशीच गाठ पडते.

आणखी एक पथ्य अधिक कठीण आहे. निवृत्त शिक्षक म्हणजे संत, असा आमचा भ्रम नाही. छडीने मुलांना शाळेतून पळवून लावणारे, पटावर खोटी हजेरी मांडणारे, शिकवण्यांवर घरे बांधणारे आणि पारध्याच्या मुलाला मागच्या बाकावर वेगळे बसविणारे शिक्षकही निवृत्त होतात आणि त्यांनाही शाल मिळते. ज्या गावात गुरुजी प्रबळ जातीचे आणि घरंदाज असतील तेथे त्यांच्या पुढ्यात भूमिहीनाची बायको मोकळेपणाने बोलणार नाही. म्हणून बैठकीचा प्रारंभ शिक्षकानेच स्वतःच्या चुकीपासून करावा. आपल्या हातून शाळेबाहेर गेलेले एक मूल कोण होते आणि ते का गेले, हे त्याने आधी सांगावे. ज्याने हे सांगितले त्याच्यापुढे इतरांची जीभ आपोआप सैल होईल. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० अशी सहाच वर्षे शिक्षक होते, परंतु छात्रालयातील मुलांची सेवा करीत त्यांनी जो संवाद साधला त्यामुळे ते जन्मभर ‘गुरुजी’ राहिले. त्यांच्या अधिकाराचे मूळ नम्रतेत होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

केवळ बोलून काय होणार, असा प्रश्न आमचे काही तरुण मित्र करतील. बोलणे बोलण्यापाशीच थांबले तर काहीच होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक अनुदानित व शासकीय शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे, आणि शासकीय शाळांच्या समित्यांवर शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे कर्तव्य टाकले आहे. पुष्कळ गावांत या समित्या फक्त सह्यांपुरत्या जिवंत आहेत, कारण पालकांना आपला अधिकार माहीत नाही आणि माहीत असला तरी त्यांना आपल्या म्हणण्यावर विश्वास नाही. मासिक बैठकीतून तो विश्वास निर्माण होईल. जी आई सतरंजीवर बसून चार महिने बोलली आहे ती पाचव्या महिन्यात समितीच्या सभेत इतिवृत्त वाचल्याशिवाय अंगठा उठविणार नाही. शाळा बंद करण्याचा कागद गावात आला तर त्याला कारणांसह उत्तर देणारे ग्रामसभेचे ठराव अशाच तयारीतून निघतात. डॉ. लोहियांनी कार्यकर्त्यापुढे मतपेटी, फावडे आणि तुरुंग अशी तीन साधने ठेवली होती. शिक्षणाच्या क्षेत्रात ही मासिक बैठक म्हणजे फावडे आहे. आधी जमीन भुसभुशीत करावी लागते. मग पेरणी, आणि प्रसंग आला तर राखणीसाठी लाठीकाठी खाण्याचीही तयारी.

नव्या शैक्षणिक वर्षाची घंटा जूनमध्ये वाजेल. त्याआधी प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील गेल्या पाच वर्षांत निवृत्त झालेल्या शिक्षक-शिक्षिकांची यादी करावी, त्यांच्या घरी जावे आणि एवढेच विचारावे: ‘गुरुजी, बाई, तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून शाळा मांडावयाची असती तर तुम्ही काय बदलले असते?’ आमची खात्री आहे की तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नसेल. उत्तर ऐकण्यास पुरेसा वेळ काढून जावे, आणि येताना पुढच्या बैठकीची तारीख ठरवून यावे.